पंधरा मिनिटं पुढे

मी शकुबाईंच्या भिंतीवरचं घड्याळ बोलतोय. आधीच कबूल करतो, माझा गुन्हा खरं बोलण्याचा आहे.

मला त्यांच्या मुलाने, संघर्षने, आणलं. तो निफाडच्या शाळेत शिक्षक. सकाळची बस दोनदा चुकली, तेव्हा स्टुलावर चढून त्याने माझे काटे पंधरा मिनिटं पुढे सरकवले. तेव्हापासून बारा वर्षं मी बेधडक खोटं बोललो आणि घरातलं कुणी कुठे उशिरा पोचलं नाही. शकुबाई तर माझ्याकडे बघून मनातल्या मनात पंधरा वजा करायच्या, मगच चहा ठेवायच्या. माणसं गमतीची असतात. स्वतःच स्वतःला फसवतात आणि स्वतःच सावरून घेतात.

यंदा बुद्धपौर्णिमेला चार देशांतल्या बायकांनी ऑनलाइन गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. शकुबाईंची बालमैत्रीण कमळाबाई कॅनडात मुलाकडे असते. एकेकाळी दोघींचं गाणं वस्तीत गाजलेलं. पहिली ओळ कमळाबाईंची, दुसरी शकुबाईंची. आता कमळाबाईंनी अंथरूण धरलं होतं. दहा मिनिटं बसवेल, त्यापुढे नाही, असं मुलाने कळवलं होतं. पुन्हा असा योग येणार नाही, हे शकुबाई जाणून होत्या. महिनाभर त्या भाजी निवडतानाही तेच गाणं म्हणत होत्या.

वेळ ठरता ठरेना. इकडून कुणी सात म्हटलं की लंडनवाल्या विचारायच्या, कुणाचे सात? कॅनडात सकाळ, तर ऑस्ट्रेलियात झोपायची वेळ. तीन आठवडे ग्रुपवर नुसता गोंधळ. शेवटी शकुबाईंच्या नातीने, तेजलने, तोडगा काढला. जागतिक वेळ दुपारी एक, तीच सगळ्यांनी धरायची आणि आपापल्या घड्याळात बसवायची. शकुबाई आणि कमळाबाईंचं गाणं तेव्हाच, म्हणजे आमच्या नाशिकला संध्याकाळी साडेसहाला. सगळ्या जगाचं एकमत झालं. राहिलो मी एकटा.

तेजलला माझी लाज वाटली असावी. त्या दिवशी दुपारी तिने मला अचूक लावलं आणि कॅमेऱ्यासाठी आजीचा फोन घेऊन ती दोन गल्ल्यांपलीकडच्या बुद्धविहारात गेली; गाणं तिथूनच व्हायचं होतं. आजीला सांगायचं मात्र राहून गेलं.

शकुबाईंनी पांढरी साडी नेसली. माझ्यात सव्वासहा वाजले होते. त्यांनी सवयीने पंधरा वजा केले आणि अजून सहाच वाजलेत म्हणून निवांत खुर्चीत बसल्या, गाणं एकदा गुणगुणलं. मी टिकटिकत राहिलो. दुसरं काही मला येत नाही. माझ्यात सहा वाजून चाळीस मिनिटं झाली, तेव्हा त्या चपला शोधत होत्या.

त्या विहारात पोचेपर्यंत कमळाबाईंना मुलाने आडवं केलं होतं.

घरी आल्यावर तेजल रडली. "आजी, घड्याळ मीच बरोबर केलं. तुला सांगायला विसरले गं. तू येतच असशील म्हणून तिथेच थांबले."

शकुबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ती वाट बघत बसली असेल."

दोन दिवसांनी तेजलने रेकॉर्डिंग लावलं. कमळाबाईंनी पहिली ओळ म्हटली आणि त्या थांबल्या. मी सेकंद मोजले, चाळीस भरले. कुणीतरी त्यांना पुढे गा म्हणालं. त्यावर त्यांचा थकलेला आवाज आला, "थांबा जरा. आमची शकू कधी उशीर करत नाय."

शकुबाईंनी पदर तोंडाला लावला. दुसरी ओळ तशीच राहिली.

आता कमळाबाईंना बसवतही नाही म्हणे. मला पुन्हा पुढे करायचं संघर्षच्या मनात आहे, पण हात लावायला कुणी धजत नाही. घड्याळ पुढे ठेवा की बरोबर, घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, एवढं तुम्हा सगळ्यांना माझं मागणं.

शकुबाई हल्ली माझ्याकडे बघत नाहीत, वेळ तेजलला विचारतात. बाई, एकदा तरी वर बघा हो. मी अजून बरोबर चालतोय.