आईने दिलेली किडनी

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे. पोलादपूरच्या डोंगरावर, कुडपणच्या चिमाबाईच्या पोटात मी वाढले. ती म्हशींसाठी गवताचे भारे वाहायची, मी तिचं रक्त गाळायची. मी आहे याची तिला कधी आठवणही झाली नाही.

मग तिची मुलगी निशिगंधा आजारी पडली. ती नाते गावच्या शाळेत बाई होती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस करून करून ती वाळली. चिमाबाईने मला तिला देऊन टाकलं.

तिथे मी परकी होते. निशिगंधाच्या रक्तातले शिपाई मला शत्रूच समजत. रोजच्या गोळ्या त्यांना पेंगत ठेवत, म्हणून मी तगले. पण शिपाई पेंगले आणि चिमाबाईच्या लहानपणापासून माझ्यातच निपचित पडलेला एक विषाणू जागा झाला. तो मला पोखरू लागला.

रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टर सारिका म्हणाल्या, "गोळ्या थोड्या कमी करू. मग शरीर विषाणूशी लढायला प्रतिपिंडं तयार करील. पण जागं झालेलं शरीर किडनीवरही उलटू शकतं. रक्त तपासायला चुकू नका."

मी भेदरले. निशिगंधा माझ्याहूनही जास्त भेदरली. मी जाईन या धास्तीने ती गुपचूप पूर्वीइतक्याच गोळ्या घेत राहिली. विषाणू माजला. पुढच्या तपासणीत ते उघड झालं, तेव्हा ती आईपाशी रडली.

"आये, तुझी किडनी माझ्या हातून गेली तर?"

"मी किडनी तुझ्यासाठी दिली गो," चिमाबाई म्हणाली. "तू किडनीसाठी नाय. डॉक्टरीण सांगते तसं कर."

गोळ्या कमी झाल्या. प्रतिपिंडांनी विषाणूला घेरलं. आणि ज्याची भीती होती तेच झालं. काही शिपाई माझ्यावर धावून आले. मी सुजले. आता संपले, असंच वाटलं. पण निशिगंधाने एकही तपासणी चुकवली नव्हती, म्हणून ते वेळेत कळलं. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं दिली, हल्ला थांबला. माझा थोडा भाग कायमचा निबर झाला. उरलेली मी काम करते आहे. निशिगंधा पुन्हा वर्गात उभी राहते.

भीती मात्र गेलेली नाही. मित्रांनो, तुमच्या घरी असं कुणी असेल, तर गोळ्या घेतल्या का हे रोज, आणि रक्त तपासलं का हे वेळोवेळी, प्रेमाने विचारा. मनानेच गोळ्या वाढवू किंवा सोडू देऊ नका. मला दुखलं, तरी आतून हाक मारता येत नाही.