कोबीच्या पिंपातलं पाणी

स्तामेनाआजीच्या परसात पालकाचे दोन वाफे होते. एकात नुसती माती, दुसऱ्यात संशोधन केंद्रातल्या वेसेलिनने मिसळलेली, प्रक्रिया केलेली चिकणमाती. टेकडीमागचा शिशाचा कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली, पण त्याने गावाच्या मातीत पेरलेलं शिसं कुठे जातंय? चिकणमाती ते धरून ठेवेल, पानांत चढू देणार नाही, असं वेसेलिनचं म्हणणं. प्रयोग जमला तर पानगळीच्या आधी साऱ्या गावाला ती मिळणार होती.

आजीला गावाचं एवढं पडलेलं नव्हतं. तिला नात हवी होती, चार वर्षांची रुमी. बिल्याना, म्हणजे आजीची लेक, या मातीला भिऊन पोरीला घेऊन मार्चमध्येच दूर बुर्गास शहराला निघाली होती. आजीने या वाफ्याच्या भरवशावर तिला अडवलं. "निकाल येऊ दे, मग जा खुशाल," म्हणाली.

मे महिन्यात वेसेलिन निकाल घेऊन आला तो तोंड पाडूनच. अंगणातल्या बाकावर बसला, कॉफीला हात लावेना.

"आजी, चिकणमातीच्या वाफ्यातल्या पालकात शिसं जास्त निघालंय. साध्या वाफ्याच्या दुप्पट. आता वर कळवावं लागणार. गावाचं वाटप गेलं म्हणायचं."

आजीला कोबीचं पिंप आठवलं. हिवाळा सरला की आंबवलेल्या कोबीचं पिंप रिकामं करायचं आणि उरलेलं आंबट-खारट पाणी मुळं कुरतडणाऱ्या किड्यांच्या बिळांत ओतायचं, हे तिची आई करायची, अख्खी आळी करते. यंदा तिनेही केलं होतं, आणि रुमीचा वाफा म्हणून चिकणमातीच्या वाफ्यात जरा जास्त मायेने. आता गप्प बसली असती तर दोष चिकणमातीवर गेला असता, आणि चिकणमाती काही भांडायला येत नाही. पण कुंपणापलीकडे शेजारीण वाटपाच्या आशेवर जमीन खणत होती, तिचीही नातवंडं होती.

"पोरा, आंबट पाणी पडलं तर काही होतं का रे?"

"कसलं आंबट?"

"कोबीच्या पिंपातलं. किड्यांसाठी. तीन बादल्या असेल."

वेसेलिनने मूठ आवळून दाखवली. "चिकणमाती शिसं असं धरते. आंबट आणि मीठ मिळून ही मूठ उघडतात, आजी." मग तो चक्क हसला. "म्हणजे माती नापास नाही. वाचवलंत मला. पाणी ओतू नका म्हणून गावाला सांगू, झालं." त्याने कप उचलला आणि रीत म्हणून विचारलं, "निकालाआधी त्यातलं कुणी खाल्लं तर नाही ना? बजावलं होतं मी."

स्वयंपाकघराच्या दारात बिल्याना ताट पुसत उभी होती. दिवसभर ती कामावर असायची, पोरीचं दुपारचं जेवण आजीकडे. आज सुट्टी होती.

"रुमीने खाल्लं," आजी म्हणाली. "एप्रिलपासून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, पोरीला रक्त कमी आहे, हिरवं खाऊ घाला. मी साध्या वाफ्यातलं एक पान दिलं नाही गं. चांगल्यातलंच दिलं."

बिल्यानाने ताट जागेवर ठेवलं. ती ओरडली असती तर आजीला बरं वाटलं असतं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. दुपारच्या बसने ती पोरीला घेऊन निघाली, आधी इस्पितळात, तिथून पुढे बुर्गासला. परत कधी येणार हे विचारायचं आजीचं धाडस झालं नाही.

"आजी, माझा पालक दुसऱ्याला देऊ नकोस हं," रुमीने फाटकातून बजावलं.

आजीने वाफा मुळासकट उपटला. कोंबड्यांना घालता येईना, शेळीला घालता येईना, खताच्या खड्ड्यात टाकावा तर पुन्हा मातीतच जाणार. ओचाभर हिरवागार पालक घेऊन ती परसात उभी राहिली. शेवटी वेसेलिनने नमुन्यांची प्लास्टिकची पिशवी आणली आणि तिच्यावर वाफ्याचा नंबर लिहिला.