डावीकडची पावलं

शेवटचा एक उरला की मेलेल्या चौघांनी तोंड मिटायचं, हा त्यांच्या टीमचा नियम होता. खेळ बंदुकांचा. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. एकांनी बॉम्ब लावायचा, दुसऱ्यांनी तो निकामी करायचा. मेलेला माणूस त्या फेरीपुरता मेलेला, पण त्याचा माइक चालूच असतो, आणि मेलेल्यांना सल्ले द्यायची भारी हौस. म्हणून हा नियम. शेवटच्या माणसाला डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात. भिंतीपलीकडचा शत्रू दिसत नाही, पण त्याची पावलं ऐकू येतात. लाकडावरची वेगळी, पत्र्यावरची वेगळी.

आणि शेवटी उरायची ती बहुतेक वेळा तार्याच. अडतीस वर्षांची, टीममध्ये सगळ्यांत मोठी, हाताने सगळ्यांत संथ. पण ती एका कोपऱ्यात थांबायची आणि ऐकायची. "तार्याला कान नाहीत, दोन घुबडं आहेत," असं केनोरा गावचा, त्यांच्याच टीममधला बोडी म्हणायचा. चार वर्षं ती टीममध्ये टिकली होती ती या घुबडांच्या जिवावर.

गेल्या रविवारी सरावात ती तीनदा शेवटी उरली आणि तीनदा मेली. तिन्ही वेळा शत्रू डावीकडून आला.

"बये, तो काय मांजर होता का?" रेने म्हणाली. रेने कॅप्टन, सडबरीच्या खाणीत ट्रक चालवायची आणि टीमही तशीच चालवायची. "लाकडी जिन्यावरून धाडधाड उतरला. मी मेले होते तरी तुझ्या पडद्यावरून मला ऐकू आलं."

"हेडफोन," तार्या म्हणाली. "डावी बाजू मंद आहे."

"हा दुसरा ना?"

"दुसरा."

"पहिल्याची पण डावीच मंद होती."

"मग मी काय करू? दुकानातून तसाच आला."

"तिसरा आण, चौथा आण, काहीही कर. पुढच्या रविवारी पात्रता फेरी आहे. शेवटी तू उरणार, हे धरून मी सगळं बसवलंय. तुला ऐकू येत नसेल तर तसं सांग, मी बोडीला मागे ठेवते."

"देवा, मला नको," बोडी म्हणाला. "मला माझं पोट वाजलं तरी गोळीबार वाटतो."

सगळे हसले. तार्याही हसली.

हेडफोन बदलण्याचं कारण तिने टीमला अर्धंच सांगितलं होतं. तिला उघड्या पाठीचे हवे होते, कानावरच्या वाटीला बाहेरून जाळी असलेले. बंद वाटीत आवाज डोक्यात कोंडतो. जाळीतून तो मोकळा होतो, खोलीभर पसरतो, आणि कोणतं पाऊल किती लांब आहे ते नेमकं कळतं. स्फोटांचा दणकाही कमी, त्यामुळे त्याखाली पावलं बुडत नाहीत. हे सगळं खरं होतं, आणि टीमला पटलंही होतं. उरलेलं अर्धं असं, की जाळीतून बाहेरचा आवाजही आत येतो. घरात कोणी हाक मारली तर ऐकू येते.

आता घरात हाक मारणारं कोणी नव्हतं.

जून महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आई तळघरातल्या सौनाची, वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवायला गेली आणि पायरीवरून घसरली. तार्या वरच्या खोलीत होती, कानांवर जुने बंद हेडफोन. सामना लांबला. हेडफोन काढून ती कॉफी ठेवायला खाली आली, तेव्हा तिला आपलं नाव ऐकू आलं. आई ओरडत नव्हती. ती कधीच ओरडायची नाही, तिचा आवाज आयुष्यभर हळूच होता. किती वेळ हाक मारतेस, असं तार्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "झाला असेल थोडा." चूल विझून राख गार झाली होती. खुबा मोडला होता. मग दवाखाना, मग छातीत कफ, आणि पाचव्या आठवड्यात आई, आउने लाहतेला, वारली. एकाहत्तराव्या वर्षी.

तिसरा हेडफोन तार्याने मंगळवारी आणला. तो सगळ्यांत महाग, मखमली गाद्यांचा, कानावर आहे की नाही ते कळू नये इतका हलका. बुधवारी संध्याकाळी ती खेळाच्या रिकाम्या नकाशात, शत्रू नसलेल्या मैदानात, बोडीला घेऊन उतरली आणि त्याला म्हणाली, माझ्याभोवती चाल. बोडी चालला. उजवीकडून पुढे आला, मागे गेला, डावीकडे वळला, आणि तिथे नाहीसा झाला. तिने सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा काटा डावीकडे सरकवला. अजून सरकवला. मग बोडीची पावलं आली, पण कुठून आली ते कळेना.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय," ती म्हणाली. "पुरे."

गुरुवारी कामावरून सुटल्यावर ती दुकानात गेली. ती टॅक्सीच्या ऑफिसात फोन घ्यायची, सात वर्षं, एका कानाचा हेडसेट लावून. दुकान कोवालचुक यांचं. रेडिओ, रेकॉर्ड, स्पीकर आणि त्यांच्या दुरुस्त्या. साठी उलटलेला माणूस, वासिल नाव, पण सगळं शहर त्यांना आडनावानेच ओळखायचं. ते कधी कोणाला घाई करत नसत आणि स्वतःलाही करत नसत.

त्यांनी डबा उघडला, हेडफोन बाहेर काढला, उलटापालटा पाहिला.

"यालाही डावी बाजू?"

"हो. तुमच्याकडे सगळा मालच असा येतो का?"

"पहिला मी स्वतः तपासला, पोरी. दोन्ही बाजू सारख्या. दुसराही सारखा. मी म्हटलं असू दे, तुझा कॉम्प्युटर खराब असेल."

"कॉम्प्युटर तपासला मी."

"बरं." त्यांनी हेडफोन काउंटरवरच्या यंत्राला जोडला. "लाव."

तिने लावला. त्यांनी एक बारीक टक टक चालू केली. उजवीकडे स्पष्ट. डावीकडे दार लावलेल्या खोलीत कोणीतरी बोट आपटत असावं तशी.

"मंद कुठे?"

"डावीकडे. सांगतेय ना मी."

"आता काढ. उलटा लाव. डाव्या कानाची वाटी उजव्या कानावर."

तार्याने हेडफोन काढला आणि हातातच धरून ठेवला. इतकी सोपी गोष्ट. तीन हेडफोन आणले, काटा सरकवला, तारा बदलल्या, बोडीला तासभर रिकाम्या नकाशात चालवलं, आणि हे सुचलं नाही. सुचलं नाही म्हणावं की सुचू दिलं नाही म्हणावं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिने उलटा लावला. टक टक चालू झाली. उजवीकडे स्पष्ट. डावीकडे बंद दाराआड बोट.

त्यांनी यंत्र बंद केलं आणि गाद्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला घेतल्या, वेळ लावून.

"कानात मळ असेल," ती म्हणाली.

"असेल. डॉक्टर बघेल." मग बोळा खाली ठेवून, "फोन कुठल्या कानाला लावतेस?"

तिचा हात आपोआप उजवीकडे गेला होता.

"घरात कोणाला होतं का असं?" त्यांनी विचारलं. "माझ्या बहिणीला होतं. आत एक बारीक हाड असतं, ते हळूहळू आखडतं. तिशी-चाळिशीत सुरू होतं. आधी एका बाजूला. अशा माणसांना स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून ती हळू बोलतात. आम्हाला वाटायचं, किती शांत स्वभावाची आहे."

"माहीत नाही," तार्या म्हणाली.

"खेळायला या तिघांतला पहिला सगळ्यांत चांगला होता. उगाच परत केलास. तो ने. आवाज नाही आवडला तर परत आण, पण आता बाजूची तक्रार आणू नकोस."

तिने पहिला घेतला. गाडीत बसून तिने किल्ली लावली नाही. समोर धान्याच्या कोठारांमागे सरोवर शिशासारखं पडलं होतं, आणि माहीत नाही म्हणालेलं सगळं तिला माहीत होतं.

स्वयंपाकघरात आई नेहमी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची, डावा खांदा भिंतीला टेकवून. पाहुणे आले तरी ती खुर्ची सोडायची नाही. चर्चमध्ये बाकाच्या डाव्या टोकाला. इकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो; गाडी चालवायला तिला आवडायचं, शेजारी बसायला नाही. "मला बसल्या बसल्या मळमळतं," म्हणायची. सगळं जग तिने उजवीकडे मांडून घेतलं होतं, इतक्या सफाईने, की त्याच घरात राहणाऱ्या लेकीला वाटलं म्हातारपणी जरा कमी ऐकू येतं, एवढंच. एकच गोष्ट दोनदा विचारली की तार्या वैतागायची. आईला ती घरच्या भाषेत आइती म्हणायची. "आइती, लक्ष कुठे असतं तुझं?"

दवाखान्यात मात्र खुर्ची आईने मांडली नव्हती. पलंगाच्या उजवीकडे सलाईनचा खांब आणि प्राणवायूचं यंत्र होतं. खुर्ची डावीकडे. पाच आठवडे तार्या त्या खुर्चीवर बसली. शेवटच्या सोमवारी, नर्स बाहेर गेल्यावर, तिने खाली वाकून सगळं सांगून टाकलं होतं. आई पडली त्या दिवशी सामना मध्येच सोडता आला असता. मधल्या विश्रांतीत जिन्याखाली काहीतरी वाजल्यासारखं वाटलं होतं, आणि तरी तिने हेडफोन पुन्हा कानावर ओढला होता. हे तिने दुसऱ्या कोणालाच सांगितलं नव्हतं. आई छताकडे पाहत होती. मग तिने तार्याचा हात चाचपला, थोपटला आणि विचारलं, "जेवलीस का?"

तेव्हापासून तार्या त्या दोन शब्दांचा अर्थ लावत होती. कधी वाटायचं, आईने माफ केलं आणि विषय संपवला. कधी वाटायचं, माफ करता आलं नाही म्हणून विषय बदलला. रात्री एक वाटायचं, सकाळी दुसरं. आज कळलं की त्यात अर्थ नव्हताच. आईने काही ऐकलंच नव्हतं. लेक जवळ बसली आहे, ओठ हलताहेत, चेहरा ओढलेला आहे, एवढंच तिला दिसलं असणार. आणि चेहरा ओढलेल्या माणसाला आई जे विचारते ते तिने विचारलं.

घरी येऊन तार्याने दिवा लावला. संध्याकाळचे साडेपाचच वाजले होते, पण बाहेर काळोख झाला होता. सरावाला अर्धा तास होता. रविवारी गप्प राहिलं तरी चाललं असतं. नवा हेडफोन आणला म्हणायचं, काटा डावीकडे ढकलायचा, नशीब असेल तर शत्रू उजवीकडून येतील. हरलो तर हरलो. आईने तीस वर्षं चालवलं होतं.

तिने रेनेला फोन लावला. उजव्या कानाला.

"आणलास का?" रेनेने विचारलं.

"आणला. हेडफोन चांगलाय. तिन्ही चांगले होते. माझा डावा कान गेलाय."

"गेलाय म्हणजे?"

"म्हणजे जातोय. आईचाही गेला होता. मला आज कळलं."

पलीकडे ट्रकच्या वायपरचा आवाज येत होता. रेने गाडी बाजूला घेत असावी.

"तार्या, मी तुझ्यासाठी बोडीला झापलं," ती म्हणाली. "दोनदा. डावीकडची माहिती दिली नाही म्हणून."

"माहितीये. तेव्हा मी गप्प बसले."

"वाईट केलंस."

"हो."

"आणि मला आता तीन दिवस राहिले."

"माझी जागा दुसऱ्या कोणाला दे. मी राग नाही मानणार."

"तू राग मानायचा प्रश्नच कुठे येतो?" रेनेचा आवाज चढला, मग उतरला. "थांब जरा. विचार करू दे." वायपर बंद झाले. "आई जाऊन किती झाले गं?"

"चार महिने."

"मी तेव्हा फोन केला नाही. मेसेज टाकला नुसता. एक फूल होतं वाटतं त्यात."

"दोन होती."

रेने नाकातून हसली. मग तार्याने तिला जूनमधला तो शनिवार सांगितला. थोडक्यात सांगितला, जिन्याखालच्या आवाजासकट. शेवटी रेनेने विचारलं, "तेव्हा आपण कोणाशी खेळत होतो?"

"थंडर केप."

"हरलो होतो ना?"

"हरलो."

"हं." मग तिचा कॅप्टनचा आवाज परत आला. "ऐक. रविवारी तू मागे थांबायचं नाहीस. तू पहिली आत जायचंस. दार उघडलं की तू. कान लागत नाहीत त्याला, पुढे बघायचं आणि चालायचं. मरशील लवकर. चालेल?"

"चालेल."

"उद्या डॉक्टरला फोन कर. केला का, असं मी तुला विचारणार आहे."

रविवारी दुपारी पहिल्या फेरीत दार उघडलं आणि तार्या आत गेली. समोर कोणी नव्हतं. चार पावलं टाकली असतील, तेवढ्यात पडदा तांबडा झाला; गोळी कुठून आली ते तिला कळलंच नाही. पण तार्या ज्या बाजूला पडली त्यावरून रेनेला कळलं. "डावीकडे दोघं, पेटीमागे!" ती ओरडली. बोडी आणि उरलेले दोघं तार्याच्या अंगावरून उडी मारून आत घुसले.