पटावरची मुलं

तपासणीसबाई डोंगरापलीकडच्या शाळेत पोचल्या तेव्हा वर्ग खच्चून भरला होता. मुलांनी पाढे खडाखड म्हटले, पण पहिल्या बाकावरच्या मुलीच्या तुटक्या दातावर बाईंची नजर अडकली. काल वीस कोसांवरच्या शाळेतही हीच मुलगी होती.

हेडमास्तर पाणी आणायला वळताच त्यांनी हळूच विचारलं, “बाळ, तू याच गावची का?”

“नाही. तुम्ही जाणार तिथं आम्हाला आधी टेम्पोतून नेतात.”

“मग इथली मुलं कुठं आहेत?”

मुलीनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिकडे दगडाची खाण होती आणि खडी फोडल्याचा आवाज येत होता.

मागे दाराची कडी लागली.

“आधीच्या साहेबांनीही हेच विचारलं होतं,” पाण्याचा पेला पुढे करत हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले. “भला माणूस. घाटात गेला बिचारा. तुमच्या ड्रायव्हरला मी परत पाठवलंय, बाई. आमचा माणूस सोडेल तुम्हाला.”

शेरेबुकात ‘शाळा उत्तम’ लिहून बाईंनी सही केली आणि त्या सुखरूप घरी पोचल्या.

दोन दिवसांनी पुढच्या शाळेतही वर्ग तसाच भरलेला होता. फक्त ती मुलगी नव्हती, आणि बाईंनी कुणाला विचारलं नाही.