उजवी बाटली

लुदमिलाबाईंना पुरून आलेले प्रोफेसर व्येर्तेल दुसऱ्या सकाळी व्रोत्सवाफच्या आमच्या प्रयोगशाळेत हजर! दोघं नवरा-बायको इथंच काम करायचे.

"सर, घरी जा," मी वैतागून म्हणाले.

"घरी काय करू? यंत्रांची तुलना आजच ठरली होती."

जुनं यंत्र अवरक्त प्रकाशाची एकेक लहर सरकत सरकत मोजतं, दिवस खातं. नवं सगळ्या लहरी एकदम घेतं. दोन्हींत पाइनिन तपासायचं होतं. पाइनिन म्हणजे पाइनच्या डिंकातलं तेल. त्याचे डावे रेणू एका बाटलीत, त्यांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे उजवे दुसरीत. दोन्ही मोजून वजाबाकी केली की यंत्राची स्वतःची लुडबुड निघून जाते आणि रेणूंचा खरा आलेख उरतो.

सरांनी नमुने स्वतः भरले, कुणाला हात लावू दिला नाही. काळा कोटही उतरवला नाही. चहा गार झाला.

संध्याकाळी दोन्ही पडद्यांवर सपाट रेघ आली.

"वा! दोघं एकाच दिवशी गचकले," आमचा सहकारी कायेतान हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं जीभ चावली.

मग मला टेबलावरची उजवी बाटली दिसली. तिचं सील तसंच होतं.

"सर, दोन्ही वेळा डावंच भरलंत. वजाबाकी शून्यच येणार."

त्यांनी ती बाटली हातात घेतली.

"डावं मी भरतो," ते म्हणाले. "उजवं लुदमिला भरते."