शामकांत गुरुजी, संदर्भ क्रमांक एक

शामकांत देव गुरुजींनी जन्मभर पोरांच्या वह्यांतल्या चुका काढल्या. स्वतःची चूक मात्र त्यांना निवृत्तीनंतर पारनेरच्या बाजारात भेटली. भाजी घेताना गावची बनुबाई समोर आली.

"गुरुजी, पालखीची चाल आसाराम पाटलानं बांधली, असं मोबाईलमधी लिवलंय. नातीनं वाचून दाखिवलं. तेवढं खोडा."

चाल बनुबाईचीच. कांदा खुरपताना ती गुणगुणली, बायांनी उचलली, आणि आता देवीची पालखी त्या चालीवाचून जागची हलत नाही. आसाराम पाटलांनी जन्मात एक टाळ धड वाजवला नव्हता.

गुरुजींनी घरी येऊन मोबाईलवर तो कुणालाही दुरुस्त करता येणारा ज्ञानकोश उघडला आणि पाटलांचं नाव काढून बनुबाईचं घातलं. दहा मिनिटांत पाटील परत हजर. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला अनीश नावाच्या कुणा संपादकाचा निरोप आला. संदर्भाशिवाय बदल करू नयेत. या विषयावर शामकांत देव यांचा १९९४च्या यात्रा स्मरणिकेतला लेख आहे, तो आपण आधी वाचावा.

तो लेख गुरुजींना वाचायची गरज नव्हती. तेव्हा पाटलांचा मुलगा यात्रा कमिटीचा अध्यक्ष होता. तो पुढ्यात येऊन बसला, आणि नवख्या गुरुजींनी खरं ठाऊक असून 'थोर संगीतकार कै. आसाराम पाटील' असं लिहून दिलं होतं. शामकांत देव तो मीच, असं त्यांनी अनीशला कळवलं. असाल, पण छापील पुरावा लागतो, असं नम्र उत्तर आलं.

छापील म्हणजे यंदाची स्मरणिका. गावात दोन भावांचं बांधावरून वाजलं तरी 'गुरुजी सांगतील ते खरं' म्हणायची रीत. त्या मानावर आपल्याच हातानं पाणी सोडायचं होतं. चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'चाल बनुबाईची आहे. मी खोटं लिहिलं, आणि भिऊन लिहिलं.' स्मरणिका निघाली आणि पाटलांच्या घराचा रामराम बंद झाला. गुरुजींनी त्या पानाचा फोटो अनीशला पाठवला.

दोन दिवसांनी ते बनुबाईच्या दारात उभे राहिले आणि ज्ञानकोशातला नवा मजकूर वाचू लागले. "ही चाल काहींच्या मते आसाराम पाटील यांची, तर काहींच्या मते बनुबाई यांची आहे. याबाबत अभ्यासक शामकांत देव (१९९४) आणि शामकांत देव (२०२५) यांच्यात तीव्र मतभेद आहेत."

शरमेनं त्यांना मान वर करवेना. बनुबाई मात्र तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"माजं नाव आलं न्हवं? मग ऱ्हाऊ द्या तसंच," ती म्हणाली. "आत या, चहा टाकते. त्या चौऱ्याण्णवच्या गुरुजींना तेवढं भाईरच बसवा."