मागून येणारी हाक

रायभानने वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि तळाची चकती बोटांनी फिरवून पाहिली. मग मशीनला एक चक्कर घातली. मागे वाकून पाइप ओढला, खालच्या चाकाला पायाने रेटून मशीन थोडं हलवलं आणि शेवटी त्याच्या डाव्या अंगावर दोन थापा मारल्या. मानवतच्या बाजारपेठेतल्या त्या दुकानात काउंटरमागे उभा असलेला नागेश हे सगळं हाताची घडी घालून पाहत होता.

"बाबा, नवीन पीस आहे," तो म्हणाला. "कालच खोक्यातून काढलाय. कंपनीची वॉरंटी आहे."

"आसू दे की. तुज्या कंपनीनं बघितलं, आता मी बघायलोय."

कासाबाई भिंतीकडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. उजवा हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता. उन्हाळ्यात धुण्याच्या दगडावरून पाय घसरून ती पडली आणि मनगट मोडलं. परभणीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हाड जुळलं. मूठ मात्र पुरती मिटेना. पिळायचं काम आता बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात दोघंच. मुलगा आदिनाथ चाकणला कंपनीत. कासाबाई लुगडं तसंच निथळत दोरीवर टाकी, आणि रायभानच्या धोतराचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसऱ्या टोकाला डाव्या हाताने पीळ देई. दिवाळीला आलेल्या आदिनाथने हे पाहिलं आणि परत गेल्यावर पैसे पाठवले. मोबाइलवरून मागवून टाकतो, असंही तो म्हणाला होता.

"मोबाइलवर कुणी जनावर घेतं का?" रायभानने विचारलं होतं.

त्याचं उभं आयुष्य बैलबाजारात गेलं होतं. तो दलाल होता. विकणारा आणि घेणारा यांच्यात उभा राहून सौदा जुळवायचा. बैलांवरून सुरुवात झाली, पण पुढे गावातलं कुणी काहीही घ्यायला निघालं की रायभान सोबत लागे. कूलर असो, टीव्ही असो, पिठाची गिरणी असो. दुकानदार सांगेल तो भाव त्याने कधी दिला नव्हता आणि कुणाला देऊ दिला नव्हता. गाडीतून खोकं उतरवलं की लोक आधी भाव विचारत, मग वस्तू पाहत. आता गावात बैलजोड्या मोजक्याच उरल्या होत्या. ट्रॅक्टर घ्यायला त्याला कुणी नेत नव्हतं. आणि गेल्या दसऱ्यात शेजारच्या लिंबाजीने बाजेवर पडल्या पडल्या मोबाइलवर बोट फिरवून हेच मशीन नऊ हजार नऊशेला घरी आणलं होतं. मारुतीच्या पारावर तो भाव सगळ्यांना सांगून झाला होता. रायभान तिथेच बसला होता. हेच मशीन नऊ हजाराला आणून दावतो, असं तो बोलून गेला होता.

"बोल," त्याने आता नागेशला म्हटलं. "द्यायचा भाव बोल."

"अकराचं मशीन आहे बाबा. तुमच्यासाठी दहा पाचशे."

रायभानने खांद्यावरचा रुमाल काढला, उजव्या हातावर पांघरला आणि हात पुढे केला.

नागेश क्षणभर गोंधळला. मग त्याने हसून रुमालावरूनच तो हात धरला आणि दोनदा हलवला. "थँक्यू बाबा," तो म्हणाला. "करू का मग बिल?"

दुकानाच्या मागच्या बाजूला पेपर वाचत बसलेला बन्सीधर मोठ्याने हसला. तो नागेशचा बाप. दुकान त्याच्या नावावर होतं, चालवत होता नागेश. बन्सीधर चष्मा कपाळावर सरकवत उठून आला.

"अरे, हात मिळवाय दिला न्हाई त्यानं," तो पोराला म्हणाला. "सर तिकडं. या रायभानराव, माज्याकडं द्या."

त्याने रुमालाखाली हात घातला. दोघे एकमेकांच्या डोळ्यांत पाहत उभे राहिले.

कासाबाई खुर्चीत सावरून बसली. भाकरी घेऊन ती बाजारात जायची तेव्हा हे तिने लांबून पाहिलेलं होतं. लिंबाखाली बैलांच्या रांगा, धुळीला आणि ओल्या शेणाला येणारा तो एक वास, आणि त्यात दोन माणसं रुमालाखाली हात घालून गप्प उभी. एक बोट दाबलं की हजार, बोटाचं अर्धं पेर दाबलं की पाचशे. आजूबाजूला कितीही माणसं जमली तरी भाव दोघांतच. तोंडाने मात्र भलतंच बोलणं चालू ठेवायचं.

"आडत बंद केली जणू?" रायभानने विचारलं.

"कवाच. वडील गेले अन् बंद केली. गुडघे काय म्हणतेत तुमचे?"

"बरे हायत. ती तुमची खिलारी जोडी ध्यानात हाय का? म्या दिली व्हती."

"लय दिस चालली. शिंगं अशी की नुसतं बघत बसावं. वडील रोज सकाळी उठून आदी गोठ्यात."

"तिच्या सौद्याला आख्खी दुपार गेल्ती."

"म्या व्हतो की. शाळा बुडवून आल्तो."

रुमाल हलत होता. रायभानचं बोट दाबलं जाई, थांबे, पुन्हा दाबलं जाई. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. समोरचा हात उबदार होता, ओळखीचा होता, आणि काहीच करत नव्हता. नुसता हातात हात होता.

"बोला की," रायभान म्हणाला.

बन्सीधरने हळूच हात काढून घेतला. "काय बोलू? हात माजा हाय, रायभानराव. भाव पोराच्या मोबाइलात हाय."

नागेशने मोबाइल पुढे धरला. त्यावर कंपनीचा आकडा होता. "बघा बाबा. आमालाच याच्या जवळपास पडतंय. दहा दोनशे, शेवटचं. त्याच्या खाली मी नाही जाऊ शकत. वर एक इस्त्री देतो फ्री."

"धोतराला इस्त्री करतेत का?"

"मावशीच्या लुगड्याला करा."

"नऊ," रायभान म्हणाला. "देतो का बोल."

"नाही जमत बाबा."

"मग ऱ्हायलं."

त्याने रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि दाराकडे निघाला.

हे कासाबाईला पाठ होतं. सौदा अडला की दलाल उठतो. सावकाश चालतो, मागे वळून पाहत नाही. मागून हाक आली की भाव त्याचा. नाही आली तर चालत राहायचं. आपणहून परतणाऱ्याला त्या बाजारात पुन्हा कुणी भाव देत नाही. तिचं कामही ठरलेलं होतं. तो उठला की आपणही उठायचं आणि चार पावलं मागून चालायचं.

पाथरीला ती अशीच उठली होती. आदिनाथ तेव्हा कडेवर होता. शिलाई मशीन घ्यायला गेले होते. काळं कुळकुळीत, मानेवर सोनेरी वेलबुट्टी. दुकानदाराने तिला स्टुलावर बसवून पायटा मारून पाहायला दिला होता. पायाखाली ते इतकं हलकं चाललं की ती घाबरून थांबली होती. रायभान तिकडे भाव करत होता. मग तो उठला, ती उठली. मागून हाक आली नाही. एस्टीने दोघं घरी आले. त्यानंतर तिने झंपर कायम दुसऱ्यांकडून शिवून घेतले. त्या मशीनचा विषय त्याने काढला नाही, तिनेही नाही.

आता रायभान पायरीवर बसून चप्पल घालत होता. तिचा बंद नीट होता, तरी तो पुन्हा पुन्हा सारखा करत होता. मग उठला आणि रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या हॉटेलात, दुकानाकडे पाठ करून बाकड्यावर बसला.

कासाबाई खुर्चीतच होती.

"मावशी, बाबा गेले," नागेश म्हणाला.

"गेले न्हाईत. बसलेत."

"बोलावू का मग?"

"नगं," बन्सीधर मधेच म्हणाला. "आपण हाक मारली म्हंजी त्यांचा भाव कबूल. देतो का नऊला?"

नागेशने मोबाइल खिशात टाकला. बन्सीधरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. रस्त्यावरून एक जीप पाथरी, पाथरी करत गेली. हॉटेलातल्या पाठमोऱ्या माणसासमोर पोऱ्याने चहा आणून ठेवला. त्याने तो उचलला नाही.

कासाबाई उठून मशीनपाशी आली. मोठ्या टबाकडे तिने पाहिलंच नाही. शेजारच्या लहान टबात वाकून तिने विचारलं, "ह्याच्यात पिळून निघतंय का खरंच?"

"ड्रायर आहे तो. दाखवतो ना."

नागेशने फरशी पुसायचं फडकं बादलीत बुचकळून तसंच गळत त्या टबात टाकलं, वायर लावली आणि बटण फिरवलं. मशीन घरघरलं, मग घूं करत एका सुरात चालू लागलं. पाइपातून पाणी आलं, बारीक झालं, थांबलं. त्याने फडकं काढून तिच्यापुढे धरलं. कासाबाईने ते डाव्या हातात घेतलं, मग उजव्या हातात, आणि जेवढी मूठ मिटत होती तेवढी मिटून दाबलं. खाली पाण्याचा थेंब पडला नाही. फडकं तिने नीट घडी करून मशीनवर ठेवलं.

मग ती दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"ओ पाव्हणं!"

रस्त्यातली दोन-चार माणसं वळली. हॉटेलातली पाठ ताठ झाली. वळली मात्र नाही. पहिल्या हाकेला वळायचं नसतं.

"ओ पाव्हणं, या माघारी!"

आता रायभान वळला. त्याचे डोळे आधी बन्सीधरला शोधत दुकानात गेले, मग पायरीवर आले. हॉटेलवाला काहीतरी बोलला आणि बाकड्यावरची माणसं हसली. रायभानने निवलेला चहा एका घोटात संपवला, पैसे ठेवले आणि माघारी बोलावलेला दलाल येतो तसा, घाई न करता, रस्ता ओलांडून आला.

"तू का मारलीस हाक?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"कुणी तरी माराय पायजे व्हती."

"कोन्त्या भावात?"

"त्यांच्या."

"मग ही हाक कसली? हाक मारणारानं भाव उतरायचा असतोय."

"उतरले की," कासाबाई म्हणाली. "भर रोडावर नवऱ्याला पाव्हणं म्हणलं. आजून किती उतरू?"

बन्सीधरने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. रायभान काही वेळ पायरीखालीच उभा राहिला. वर उभ्या असलेल्या बायकोचा उजवा हात त्याच्या डोळ्यांच्या समोर येत होता. दाराची चौकट तिने त्याच हाताने धरली होती, आणि बोटं लाकडाला नुसती टेकलेली होती.

तो वर आला. कोपरीच्या आतल्या खिशातून नोटा बांधलेली दस्ती काढली, गाठ सोडली आणि दस्तीसकट नोटा नागेशपुढे ठेवल्या.

"घे मोजून. अन् ती इस्त्री बी टाक."

"उद्या सकाळी गाडी पाठवतो बाबा. माणूस जोडून देईल."

"उद्या न्हाई. घेतलेलं जनावर इकणाराच्या दारात ठिवत नसतेत."

नागेशने बापाकडे पाहिलं. बन्सीधरने मान हलवली. "दे बाबा. तसंच असतंय ते."

छोटा हत्ती टेम्पो आला. मशीन पुन्हा खोक्यात घालून उभंच चढवलं, दोरीने आवळून बांधलं. ड्रायव्हरने कासाबाईला पुढे बसायला सांगितलं, पण ती मागेच चढली. नागेशने हात दिला, तरी रायभानला फळी ओलांडायला वेळ लागला. खोक्याच्या एका बाजूला तो बसला, दुसऱ्या बाजूला ती. इस्त्रीचा डबा तिच्या मांडीवर.

मानवत मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रानं होती. खोक्यावरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडत होता आणि रायभानने त्यावर तळहात दाबून धरला होता.

"लिंबाजीला काय सांगताल?" कासाबाईने विचारलं.

"काय सांगायचं? दहा हजार दोनशे."

"हसंल त्यो."

"हसू दे."

गाडी एका पुलावरून गेली, फाट्यापाशी हळू झाली आणि पुन्हा वेगात निघाली.

"पाथरीला," रायभान म्हणाला.

तिने मांडीवरचा डबा सावरला.

"पाथरीला तवा दोन एस्ट्या सोडल्या आपण. ध्यानात हाय का?"

"हाय की. गर्दी व्हती म्हून सोडल्या. तिसरीत बसले."

रायभान खोक्यावरच्या हाताकडे पाहत होता.

"गर्दी न्हवती," तो म्हणाला. "स्टँडावरनं ते दुकान दिसत व्हतं."

कासाबाईने त्याच्याकडे पाहिलं. ऊन कलून गाडीत त्याच्या बाजूने शिरलं होतं आणि तो डोळे बारीक करून बसला होता. तिने मांडीवरचा इस्त्रीचा डबा उचलून पलीकडे ठेवला आणि अंग चोरून जागा केली.

"इकडं सरका," ती म्हणाली. "तिकडून ऊन लागायलंय."